रत्नाबाई हसल्या त्याची हकिकत

निवांत ज्येष्ठ निवास,
कोळवण, ता. मुळशी.
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. शंभूराव यांस त्यांच्या एकुलत्या एका दाजींचे, म्हणजे हैबतरावांचे, अनेक आशीर्वाद. (सत्तरी ओलांडलेल्या माणसाला चिरंजीव लिहिताना पेन जरा अडखळतं. पण तुझी ताई असती तर तिने तुला अजून 'बाळ'च लिहिलं असतं, तेव्हा एवढ्यावर सुटलास असं समज.) इकडे सर्व क्षेम. तुझी तब्येत कशी आहे? गुडघा वाकतो का? साखर आटोक्यात आहे, की अजून डॉक्टर असल्याच्या जोरावर जिलबी खाऊन वर स्वतःच स्वतःची गोळी वाढवून घेतोस? सूनबाईंना आणि नातीला, सृष्टीला, माझे आशीर्वाद सांग. पत्र कशाला, फोन नव्हता का, असं तू म्हणशील. फोनवर तू दोन मिनिटांत "दाजी, रेंज जातेय" म्हणून मोकळा होतोस. आमच्या खोऱ्यातली रेंज जाते हे मान्य, पण तुझ्या कोथरूडमधली कशी जाते? पत्राचं तसं नाही, ते मधेच तोडता येत नाही. उभी नोकरी मी पौडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली, गाडी सुटायच्या आत सगळं सांगून टाकायची माझी सवय आहे. बाकी या पत्रामागे काही काम नाही. सहज लिहितो आहे. सहज म्हणजे अगदीच सहज.

आधी दातांचं सांगतो, कारण बाकी कशात तुला रस नसतो. (बोहल्यावर मी मुंडावळ्या बांधून उभा होतो आणि तू शाळकरी पोरगा ताईच्या कानात सांगत होतास, की नवरदेवाचा सुळा वाकडा आहे. मी विसरलेलो नाही. सुळा अजून तिथेच आहे आणि तेवढाच वाकडा आहे.) माझे दात उत्तम आहेत, तो प्रश्नच नाही. पण आमच्या या वृद्धाश्रमात (व्यवस्थापक त्याला 'निवास' म्हणतात, म्हणून मी मुद्दाम वृद्धाश्रम म्हणतो) दात हा विषय यंदा इतका पेटला, की राजकारणसुद्धा मागे पडलं. पेपर येतो तसा घडीचा पडून असायचा.

आमचे व्यवस्थापक नरहरी तुला भेटलेले नाहीत. पन्नाशीचा माणूस, अंगाने सडपातळ, शिस्तीला कडक, आणि हसला की वरची ओळ अशी पांढरीशुभ्र दिसते की देणगीदार तिथेच पाघळतात. माणूस वाईट नाही. फक्त त्याला वस्तू हरवलेली सहन होत नाही. तो इथे आला तेव्हा कवळ्या हरवायचा नुसता सुकाळ होता. एकाची कवळी उष्ट्याच्या बादलीतून गेली आणि शेजारच्या म्हशीच्या आंबोणात सापडली. एकीने कागदात गुंडाळून उशाशी ठेवलेली केरात गेली. एकाने तर अंघोळीला जाताना खिडकीत ठेवली आणि ती माकडाने नेली. (माकडाने ती बसवून पाहिली असं काही जण शपथेवर सांगतात. मी नव्हतो.) यावर नरहरींनी असा तोडगा काढला, की तो फक्त सरकारी कचेरीत शोभावा. सगळ्या कवळ्या गोळा केल्या, प्रत्येकीला झाकणाची डबी दिली, डबीवर नाव चिकटवलं, आणि तो सगळा ऐवज ऑफिसातल्या लोखंडी कपाटात कुलूपबंद केला. कवळी मिळायची रविवारी, म्हणजे नातेवाईक भेटायला यायच्या दिवशी. सकाळी रांग लावायची, नाव पुकारलं की डबी घ्यायची, बसवायची, आणि संध्याकाळी पाहुणे गेले की धुऊन परत जमा. गणपतीत आरतीच्या फोटोसाठी एक दिवस जादा. रविवारी येणाऱ्याला वाटावं, काय हे तजेलदार म्हातारे! त्याने सोमवारी यावं. उरलेल्या दिवशी आम्हाला मऊ भात, वरण आणि उकडून लगदा केलेला दुधी. आणि आठवड्यातून एकदा घातलेली कवळी हिरडीला घासायची, म्हणून रविवारीसुद्धा नरहरींची पाठ वळली की लोक ती काढून खिशात टाकायचे आणि मग जेवायला बसायचे. तू हे वाचून कपाळाला हात लावशील. लाव. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. कवळी ही आमच्याकडे शालूसारखी होती, चारचौघांत मिरवायची आणि घडी घालून ठेवायची.

आता रत्नाबाईंचं सांगतो. या इथल्याच, कोळवणच्या. आमच्या खिडकीतून समोर जी जमीन दिसते ती त्यांचीच होती. पोरांनी विकली. तिथे आता पुण्याच्या कुणा साहेबाचं फार्महाउस आहे आणि भातखाचरं होती तिथे हिरवळ. रत्नाबाईंची खाट नेमकी त्या खिडकीला लागून. सकाळी उठून तोंडावर पाणी मारलं, की त्या हिरवळीला शिव्या घालायच्या, हा त्यांचा नेम. "भाताच्या वावरात गवात लावलंय, आन वर त्येला नळीनं पानी पाजतुया! आरं, निदान एक म्हस तरी बांद म्हनावं!" हे आटोपलं की माझ्या एसटीचा उद्धार. कोळवणची गाडी त्यांच्या लग्नापासून आजतागायत एकदाही वेळेवर आलेली नाही आणि त्याला जबाबदार मी, असं त्यांचं ठाम मत आहे. (लग्न झालं तेव्हा मी नोकरीलासुद्धा नव्हतो. पण हे त्यांना सांगून उपयोग नाही, मी सांगून पाहिलं.) आमचं भांडण ऐकायला लोक चहाचा कप घेऊन येऊन बसायचे. शंभू, तुझी ताई गेल्यावर माझ्याशी मनापासून भांडणारं माणूसच उरलं नव्हतं. ते मला इथे भेटलं.

आषाढात रत्नाबाईंचं जेवण तुटलं. आधी भाकरी सुटली, मग चपाती, मग मऊ भातसुद्धा दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. अंग झडलं, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. आमच्याकडे पंधरवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांनी छाती पाहिली, पोट दाबलं आणि वयोमान म्हणाले. आम्हीही माना हलवल्या. म्हातारं माणूस जेवेनासं झालं की त्याच्या तोंडात कुणी बघत नाही, सगळे आभाळाकडे बघतात. पण ज्या सकाळी त्यांनी हिरवळीला एकही शिवी दिली नाही, त्या सकाळी मी घाबरलो. मुद्दाम जवळ जाऊन म्हणालो, रत्नाबाई, कोळवणची गाडी आज वेळेवर आली बरं का. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर पदर ओढून भिंतीकडे वळल्या. मला दिवसभर करमलं नाही. आमच्या संस्थेचा नियम असा, की माणूस हाताने जेवतो तोवरच इथे. पुढे त्याला शहरातल्या शुश्रूषागृहात हलवतात, तिथे नाकातून नळी घालून पोट भरतात. नरहरींनी रत्नाबाईंच्या मुलाला, किशोरला, फोन करून टाकला, की येत्या रविवारी गाडी घेऊन ये आणि आईला ने. त्या शुश्रूषागृहात एकाला भेटून आलेले आमचे एक गृहस्थ सांगत होते, की तिथल्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचे पाइप दिसतात. पाइपांना शिव्या देऊन माणूस किती दिवस काढणार?

याच आठवड्यात नरहरींना कुठून तरी कळलं, की पुण्याच्या एका दंत महाविद्यालयाची गाडी वृद्धाश्रमांतून फिरते, पैसे घेत नाही, आणि त्यांनी ती बोलावली. हेतू चांगला होता. पण फळ्यावर लिहिलं काय? 'बुधवारी सर्वांच्या तोंडाची तपासणी होईल. कोणीही गैरहजर राहू नये.' आता यात काय बिघडलं हे तुला कळायचं नाही, म्हणून मागची गोष्ट सांगतो. आमच्याकडच्या निम्म्याअधिक बायका या खोऱ्यातल्या, आणि जन्मभर मिश्री लावणाऱ्या. नरहरींनी मिश्रीला बंदी केलेली. तरी एकदा ते बाहेरगावी गेलेले बघून बायकांनी स्वयंपाकघरातल्या तव्यावर तंबाखू भाजली. नरहरी लवकर परतले. तो ठसका त्यांच्या नाकात असा बसला, की शिंकत शिंकतच त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये जमवून तंबी दिली: पुन्हा वास आला, तर एकेकीचं तोंड उघडून बघेन. तेव्हा फळा वाचून सगळ्यांनी एकच अर्थ काढला. धाड पडणार! आणि दातांच्या डॉक्टरीणबाई येणार म्हणजे पंचनाम्याला बाहेरून साहेब आणलाय. साळूबाई म्हणून आमच्याकडच्या बायकांच्या पुढारी आहेत. त्यांनी हुकूम सोडला, "समद्याजनी दात आसं घासा, की मिशरी काय आसती ते तोंडाला आठवू नगं."

शंभू, त्या बुधवारची सकाळ तू बघायला हवी होतीस. पहाटे उठल्यापासून नळावर गर्दी. कुणी राखेने घासतंय, कुणी मिठाने, कुणी लिंबाच्या फोडीने. एका बाईंनी भांडी घासायची पावडर वापरली आणि तोंडाला फेस आल्यावर त्यांना वाटलं, मिश्री निघतेय, म्हणून आणखी जोराने घासलं. डब्या लपवायची तर धांदल विचारू नकोस. एक तुळशीच्या कुंडीत पुरली गेली, एक बाळकृष्णाच्या पाटाखाली. पुरुषांच्या बाजूलाही तंबाखू-चुन्याची आवराआवर चालली होती. (मी तंबाखू खात नाही. माझ्या चष्म्याच्या डबीत चष्मा का नसतो, याची चौकशी तू करू नयेस.)

गाडी आली. रस्ता चिखलाने भरलेला, त्यामुळे फाट्यापासून पुढे ती ढकलत आणली. डॉक्टरीणबाई म्हणजे दिशा नावाची पंचविशीची पोरगी, पायात गमबूट, पाठीवर पिशवी, आल्याबरोबर सगळ्यांना वाकून नमस्कार. साळूबाई मला म्हणाल्या, "लई गोड वागतीया. आशीच आसत्यात ही." तिचा एकच दोष, तिला मोठ्याने बोलायची सवय. कमी ऐकू येणाऱ्या माणसांत काम करून करून लागलेली असावी. तोंडावर मास्क असूनही आवाज शेवटच्या खाटेपर्यंत खणखणीत. तिने पहिल्या काही जणींची तोंडं बघितली आणि चक्रावली. सगळ्यांच्या हिरड्या लालभडक, आजच सोलल्यासारख्या. एवढ्या माणसांना एकाच दिवशी एकच रोग? तिने आमच्या बोअरच्या पाण्याची बाटली भरून घ्यायला सांगितली. काही दुखतं का? न्हाई. रक्त येतं का? न्हाई. मिश्री वगैरे? यावर साळूबाईंनी अत्यंत निरागस चेहऱ्याने विचारलं, "ती काय आसती गं?" आणि विचारता विचारता काळं पडलेलं बोट पदराखाली घेतलं. दिशाने ते पाहिलं असावं, पण ती पुढच्या तोंडाकडे वळली. पुढे कळलं, तिची आजी वडगावची आहे, आणि त्या आजीचंही बोट काळं आहे.

रत्नाबाई मात्र तोंडच उघडेनात. दिशा स्टूल घेऊन खाटेपाशी बसली, गोड बोलली, आवाज बारीक करून पाहिला. रत्नाबाईंनी पदर दोन्ही हातांनी ओठांवर धरलेला. "मला काय बी झाल्यालं न्हाई. ऐतवारी जायचंय मला. कशाला उगा इस्कटतीस?" एवढं पदराआडून म्हणाल्या. मी भांडून पाहिलं, साळूबाईंनी समजावून पाहिलं. दिशा सामान आवरायला लागली. ही पोरगी गेली की मधे काही उरत नव्हतं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, आणि मग किशोरची गाडी.

इथे नरहरी पुढे आले. सगळ्यांनी मिळून आपल्या संस्थेची अब्रू घालवली असं त्यांना वाटत होतं. एवढं काय घाबरायचं तपासणीला, हा मीच बसतो आधी, असं म्हणून त्यांनी आपली प्लास्टिकची खुर्ची बरोबर रत्नाबाईंच्या खाटेसमोर ओढली, ऐटीत बसले, डोळे मिटले आणि भला मोठा आ केला. त्यांचा हिशेब असा असावा, की पोरगी वरवर बघेल, उत्तम म्हणेल, आणि टाळ्या पडतील. दिशाने बॅटरी मारली, आरसा आत फिरवला, आणि सवयीने, त्या खणखणीत आवाजात म्हणाली, "काका, वरची कवळी काढा बघू. त्याशिवाय हिरडी कशी दिसणार मला?"

शंभू, ब्रेक निकामी झालेली एक गाडी पौडच्या स्टँडवर थेट उपाहारगृहात शिरताना मी पाहिली आहे. तेव्हाही लोकांनी एवढा मोठा आ केला नव्हता. नरहरींनी डोळे उघडले. तोंड मिटावं तर आत आरसा. उठून जावं तर आम्ही सगळे गोल करून उभे. शेवटी त्यांचा हात सावकाश वर गेला, आणि देणगीदारांना पाघळवणारी ती शुभ्र ओळ त्यांच्या तळहातावर उतरली. वरचा ओठ आत गेला. आमचा कडक व्यवस्थापक बघता बघता आमच्यातलाच एक होऊन बसला. त्यांनी काही तरी बोलायचा प्रयत्न केला, बहुधा शिस्तीबद्दल, पण नुसती हवा आली.

आणि खाटेवरून आवाज आला. "आगं बया! ह्येची कोन ठिवतं कपाटात?"

असं म्हणून रत्नाबाई हसल्या. हसल्या म्हणजे काय, गदगदून हसल्या. पदर खाली पडला त्याचं त्यांना भान नाही. डोळ्यांतून पाणी आलं, खाटेची दांडी धरली, आणि इतक्या आठवड्यांत कुणाला न दिसलेलं ते तोंड सताड उघडं. मग साळूबाई हसल्या, मग मी, मग सगळा हॉल. दिशा तेवढी हसली नाही. ती पोरगी हुशार. ती जागच्या जागी वळली आणि बॅटरीचा झोत सरळ त्या हसणाऱ्या तोंडात धरला. आत काय होतं ते तुला मी शास्त्रात सांगू शकत नाही. वरच्या बाजूला एक दाढ मोडून तिचा खुंट राहिलेला, त्याच्याभोवती पू धरलेला, टाळूपर्यंत सूज, आणि मोडलेली धार गालाच्या आत रोज रुतत होती. दिशा म्हणाली, आजी, या तोंडाने पाणी पिणंसुद्धा अवघड आहे हो. तेव्हा कुठे रत्नाबाई कबूल झाल्या. लई दीस झालं ठणकतुया, मिशरी धरली की जरा गप बसतं. मग सांगितलं का नाही? "सांगितलं आसतं की. पन तोंड उगाडलं, तर मिशरी दिसली आसती न्हवं!"

हे ऐकून हसावं की काय करावं, मला कळेना. बाई नाकात नळी घालून घ्यायला निघाली होती, हिरवळ आणि शिव्या सोडून निघाली होती, पण मिश्रीची डबी सोडायला तयार नव्हती. आणि आम्ही रोज तिच्या शेजारी बसून मान हलवत होतो. मला स्वतःचाच राग आला.

पुढचं झरझर सांगतो. दिशाने सुजेवर औषध दिलं, साखर-रक्तदाब तपासून घेतला, आणि शनिवारी पावसात स्वतःच्या स्कूटरवर एकटी पुन्हा आली. रत्नाबाईंना खिडकीपाशीच बसवलं. बॅटरी धरायचं काम माझ्याकडे. (झोत एकदोनदा खिडकीबाहेर गेला, पण तो दोष बॅटरीचा.) खुंट निघाला. रत्नाबाई ते निरखून म्हणाल्या, "येवढंसं? आन येवढा तरास?" रविवारी किशोर आला तो मोकळी बॅग घेऊन. आईचे कपडे त्यात भरायचे होते. आई ताट पुढ्यात घेऊन बसलेली, दूधभात कालवून. सावकाश, एका बाजूने, पण हाताने खात होती. तो बॅग हातात धरून दारातच उभा राहिला. रत्नाबाईंनी घास गिळला, खिडकीकडे हात केला आणि म्हणाल्या, "त्या गवातवाल्याला जाऊन सांग, औंदा पावसात बी पानी पाजतुया म्हनावं." किशोर तिथेच खाली बसला आणि रडला. मीही रडलो. लपवत नाही, चांगलं भरपूर रडलो. बॅग मोकळीच परत गेली.

त्या दिवसानंतर ऑफिसातलं कपाट उघडलं. नरहरींनी आपण होऊन सांगितलं, की तरुणपणी अपघातात त्यांचे वरचे दात गेले, आणि एका लग्नात हात धुताना कवळी गटारात पडली ती मिळाली नाही, तेव्हा नवी होईपर्यंत ते घराबाहेर पडले नव्हते. म्हणून इतरांच्या कवळ्यांना कुलूप! माणूस किती चांगल्या कारणाने किती चुकीचं वागू शकतो, बघ. आता कवळ्या रोज सकाळी घालायच्या, रात्री काढून पाण्यात ठेवायच्या. आमच्याकडे गंगू म्हणून वरच्या वाडीतली मुलगी कामाला आहे, तिला दिशाने शिकवलं, की अंथरुणाला खिळलेल्यांचे दात कसे पुसायचे, ओठ कोरडे पडले तर काय करायचं. ती आता दोन्ही वेळा बोटाला फडकं गुंडाळून फिरते, आणि साळूबाईंसकट सगळ्या तिला घाबरून आ करतात. काही कवळ्या सैल झाल्यात, बोलताना टाळ्या वाजवतात, पण जेवताना हॉलमध्ये चावल्याचा आवाज येतो. दिवाळीला चकलीची मागणी झाली आहे. स्वयंपाकीण म्हणते, मऊ भातच बरा होता. मिश्रीचं काय झालं? बंदी कायम आहे, बोटं मात्र अजून काळी आहेत. दिशाने समजावलं, साळूबाईंनी मान डोलावली. निम्म्यावर आणली म्हणतात. मी निम्म्याच्या निम्मं खरं धरतो.

दिशा मात्र गेली. पुढच्या शिक्षणाला नागपूरला नंबर लागला. जाण्याआधी तिने रत्नाबाईंचे वरचे उरलेले हलणारे दात काढले आणि म्हणाली, हिरडी भरून आली की माप घेऊन कवळी करायची, आणि घाई करणारा नको, शांतपणे माप घेणारा जुना हात बघा. हिरडी आता छान भरून आली आहे. दंत महाविद्यालयाने ती गाडी मात्र आता शाळांकडे वळवली. जुना हात कुठे मिळतो कोण जाणे! असो. आपल्याला काय करायचंय. रत्नाबाई दूधभात आणि कुसकरलेल्या भाकरीवर आहेत, अंग थोडं भरलंय. हिरवळीला शिव्या चालू आहेत, पण वरचे दात नसल्याने शिवीला धार येत नाही. आणि हसू आलं की पुन्हा तोंडावर पदर घेतात. तेवढं बघवत नाही.

बाकी ठीक. जिलबी कमी कर. थोरांना नमस्कार लिहावा तर तुझ्याहून थोर आता मीच उरलोय, तेव्हा तो तूच मला कर.

तुझा दाजी,
हैबतराव

ता. क. माझे दात उत्तम आहेत असं वर लिहिलं आहे. खालची डावी दाढ त्यात धरू नये. तिच्यामुळे मी महिनाभर उजवीकडून जेवतो आहे आणि हे इथे कुणाला सांगितलेलं नाही. कारण गंगू.

दुसरा ता. क. तुझा दवाखाना बंद झाल्यापासून ती दात तपासायची खुर्ची तू गॅलरीत ठेवून तीत पेपर वाचत पडतोस असं कळतं. ती इथे लागणार आहे. नरहरी गुरुवारी पुण्याला जीप घेऊन येताहेत, ते नेतील. सूनबाईंशी माझं बोलणं झालं आहे. त्या म्हणाल्या, खुर्ची न्या, आणि तीत बसलेलं माणूसही न्या. तुझं म्हणणं, आता हात पहिल्यासारखा चालत नाही. सृष्टीने मला गणपतीतल्या कॅरमचा व्हिडिओ पाठवला आहे. कडेला चिकटलेली राणी तू उलट्या पट्टीने घेतलीस. तो हात मी दहा वेळा पाहिला, एकदाही हलला नाही. तुझी ताई असती तर कान धरून तुला जीपमध्ये बसवलं असतं. मी फक्त आशीर्वाद देतो.

तिसरा ता. क. पत्र बंद करताना रत्नाबाईंनी विचारलं, कुनाला लिवताय येवढं? मी सांगितलं. तर हे जसंच्या तसं लिहायला लावलं: "डाक्टरला म्हनावं, दिवाळी न्हाई तर तुळशीच्या लग्नापत्तुर या. भाकर म्या कुसकरून खाईन, तिचं काय न्हाई. पन हसायला दात पायजेत. पदर धरून धरून हात दुकाया लागला."